आयबीएस आणि लो फॉडमॅप: बंद केलेलं परत सुरू कसं करायचं

ताई, तुम्ही विचारलंय की आणखी काय काय बंद करू. तर उत्तर आधीच सांगून टाकते, आता काहीही बंद करायचं नाहीये. आता परत सुरू करायची वेळ आहे, खरं तर ती तीन-साडेतीन महिन्यांपूर्वीच यायला हवी होती.

दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही कळावं म्हणून तुमची माहिती थोडक्यात परत लिहिते. वय ३४, बदलापूरहून सीएसएमटीला रोज लोकलने ऑफिस, पोटाच्या डॉक्टरांनी जुलाबाचा आयबीएस (आतड्याला जखम-सूज नसताना पोट दुखणं आणि शौच बिघडणं) सांगितलाय आणि लो फॉडमॅप करा, म्हणजे नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा असलेले पदार्थ काही आठवडे बंद ठेवा, म्हणून एक छापील कागद हातात दिलाय. त्या कागदावर किन्वा, केल, ब्लूबेरी, सावरडोचा ब्रेड असलं सगळं, म्हणून तुम्ही त्यातलं आपल्याकडे मिळतं तेवढंच धरलंत आणि पाच महिने भात, बटाटा, गाजर, अंडं आणि कधीतरी पपई एवढ्यावर आहात. पोट ७०-८० टक्के बरं आहे पण वजन ६ किलो उतरलंय, केस गळतायत, सासूबाईंशी रोज स्वयंपाकावरून वाद होतो आणि आता पोळीचा घास बघितला तरी भीती वाटते.

पोट बरं झालं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यातून एवढं कळलं की तुमच्या त्रासात खाण्याचा हात आहे. सगळ्यांच्या बाबतीत तसं नसतं, साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त लोक या आहाराला चांगला प्रतिसाद देतात, बाकीच्यांना विशेष फरक पडत नाही. पण हा सुरुवातीचा कडक भाग २ ते ६ आठवड्यांसाठीच बनवलेला आहे, तो कायमचा आहार म्हणून कुणी कधीच सांगितलेला नाही. अडचण अशी होते की काय बंद करायचं याचा कागद सगळेच देतात आणि परत कसं सुरू करायचं हे सांगायला ओपीडीत कुणाकडे वेळ नसतो, मग माणूस घाबरून तिथेच अडकून बसतो. माझ्याकडे येणाऱ्या आयबीएसच्या पेशंटमधे असे अडकलेले खूप असतात.

मुळात हा प्रकार काय आहे ते समजलं की भीती अर्धी कमी होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मधे ही कल्पना मांडली. काही छोट्या साखळीच्या साखरा अशा असतात की त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्यातल्या काही आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात आणि मग पोट गुडगुडतं, पातळ होतं, आणि काही तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जंतू त्या आंबवतात आणि गॅस होतो. गहू, कांदा, लसूण यात असतं ते फ्रुक्टन. डाळी-कडधान्यात असतं त्याला जीओएस म्हणतात. दुधातलं लॅक्टोज. आंबा, मध, सफरचंद यातलं जास्तीचं फ्रुक्टोज. आणि मश्रूम, शुगर-फ्री च्युइंगम वगैरेंमधले पॉलिओल. बस एवढे पाच गट आहेत, यांनाच मिळून फॉडमॅप म्हणतात, तुमच्या डोक्यात जी दोनशे पदार्थांची यादी बसलीये ती या पाच डब्यांत मावते.

आता महत्त्वाचं ऐका. इंग्लंडमधे नॉटिंगहॅमला एमआरआय करून बघितलंय, निरोगी माणसाला आणि आयबीएसवाल्याला अशा साखरा दिल्या तर पोटात गॅस आणि पाणी दोघांच्याही साधारण तेवढंच वाढतं, पण दुखतं ते आयबीएसवाल्याला. म्हणजे तुमचं आतडं सडलेलं नाही, त्याला जखम नाही, पोळी खाऊन आत काही खराबही होत नाही, आतड्याच्या नसा जास्त जाग्या आहेत आणि साधं ताणलं जाणंही त्यांना दुखणं म्हणून कळतं. त्यामुळे परत एखादा पदार्थ खाऊन बघितला आणि त्रास झाला तर तो एक दिवसाचा त्रास असतो, तब्येत मागे जात नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

उलट जास्त दिवस बंद ठेवण्याचं नुकसान आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०१२ च्या अभ्यासात चारच आठवड्यांच्या लो फॉडमॅपमधे आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे चांगल्या जंतूंमधला एक मोठा गट, कमी झालेले दिसले. कारण हेच फ्रुक्टन आणि जीओएस त्यांचं खाणं आहे. शिवाय डाळ नाही, दूध-दही नाही, भाकरीसुद्धा नाही म्हटल्यावर प्रोटीन, कॅल्शियम, लोह, फायबर सगळंच खाली येतं. केस त्याच्यामुळेच गळत असतील असं मी इथून म्हणू शकत नाही पण हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी१२, डी आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या.

आणि वजनाचं. खाणंच इतकं कमी झालंय म्हटल्यावर वजन उतरणार, तरी ६ किलो ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायचीच, आयबीएसमधे आपोआप वजन कमी होत नाही. तसंच शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा क्रोन्स-कोलायटिस (आतड्याला सूज आणणारे आजार) किंवा सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रोटीनमुळे आतड्याला इजा होते तो आजार), किंवा त्रास पहिल्यांदाच पन्नाशीच्या आसपास सुरू झालाय, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी. आपल्याकडे आतड्याचा टीबी, जिआर्डिया हा परजीवी हेही असतं, ते बघितल्याशिवाय आयबीएसचा शिक्का मारून मोकळं होऊ नये.

तुमच्या रिपोर्टमधे कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी, नॉर्मल आहे, ते छान. पण सिलिअॅकची टेस्ट दिसली नाही. इथे एक अडचण आहे, ती रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. तुम्ही पाच महिने गहू सोडलाय, आता केली तर सिलिअॅक असूनही निगेटिव्ह येऊ शकते, त्यासाठी साधारण ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळा गहू पोटात जावा लागतो. म्हणून गहू परत सुरू करण्याचं आणखी एक कारण. डॉक्टरांशी बोलून ठरवा. जे अजून सुरुवात करणार आहेत त्यांनी तर पोळी बंद करायच्या आधीच ही टेस्ट करून घ्यावी.

बरं, आता स्वयंपाकघर. तो परदेशी कागद फाडून टाका असं म्हणत नाही पण त्याची तुम्हाला गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या घरात लो फॉडमॅप करणं मेलबर्नपेक्षा सोपं आहे असं माझं ठाम मत आहे, कारण गव्हाला पर्याय आपल्याकडे रोजच्या ताटात आहेत. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, तांदळाची भाकरी, घावन, पोहे, राजगिऱ्याच्या लाह्या, साबुदाणा. पाच महिने भाकरी का नाही खाल्ली तर कागदावर ज्वारी लिहिलेली नव्हती म्हणून. आजपासून खा. भाज्यांत भेंडी, वांगं, पालक, मेथी, लाल भोपळा, काकडी, फरसबी, हे बेताच्या वाटीने बहुतेकांना चालतं. कोबी-फ्लॉवर थोडा. फळात पपई, संत्रं, अननस, आणि केळं जरा कडकसर असताना, पूर्ण काळे ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टन वाढलेलं असतं. शेंगदाणे चालतात, काजू-पिस्ते नकोत, बदाम आठ-दहा. अंडं, मासे, चिकन यात फॉडमॅप नसतोच, जो असतो तो मसाल्यात.

आणि मसाल्यात मुख्य भांडण कांदा-लसणाचं. पण विचार करा, आपल्याकडे अर्धा स्वयंपाक आधीपासून त्यांच्याशिवायच होतो. नैवेद्याचं ताट. चातुर्मास पाळणाऱ्यांची घरं, आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन जी बंद करतात ती पार कार्तिकीपर्यंत. सासूबाईंना फॉडमॅप हा शब्द सांगू नका, काही दिवस माझं चातुर्मासासारखं जेवण करायचंय एवढंच सांगा, त्यांना त्यातले पदार्थ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येत असतील. गोडा मसाला बहुतेक घरी कांदा-लसणाशिवायच केलेला असतो, तो बिनधास्त वापरा, कोल्हापूर-साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला मात्र नावातच सांगतो. कोकणात-गोव्यात तिरफळं घालून बांगड्याचं हुमण करतात त्यात कांदा-लसूण लागतच नाही, खोबरं, मिरची आणि आंबटाला कोकम किंवा चिंच. विकतच्या पुड्यांवर मागची बारीक अक्षरं वाचायची, नूडल्सच्या पुडीतला मसाला, चिप्स, सूप, सगळ्यात कांदा-लसूण पावडर असते.

लसणाचा वास पाहिजेच असेल तर एक युक्ती आहे आणि ती फोडणीवाल्या स्वयंपाकाला अगदी फिट बसते. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, ठेचायच्या नाहीत, फार तर एक उभा काप, थंड तेलात घालायच्या आणि गॅस बारीक ठेवायचा, कडेने बुडबुडे येतील, पाकळी हळूहळू बदामी होईल, मग झाऱ्याने सगळ्या काढून घ्यायच्या, जितक्या घातल्या तितक्या मोजून. मग त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. वास येतो, चव येते, फ्रुक्टन पाकळीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ठेचलेला लसूण घातला की बारीक तुकडे राहतात, मग उपयोग नाही. आणि लसूण वरणात घालून नंतर उचलून काढला तर चालेल का, तर नाही, वरणात पाणी आहे, त्यात उतरलंच. हे तेल त्या त्या वेळी करून वापरायचं, बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही, लसणाचं तेल बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढायचा धोका असतो. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. हिंग चिमूटभर चालतो, मात्र सिलिअॅक निघालंच तर बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो तो बघावा लागेल.

घरच्या सगळ्यांना अळणी जेवायला लावू नका, त्यानेच वाद होतात. भाजी आधी कांद्याशिवाय करायची, तुमच्यापुरती वाटीभर काढून घ्यायची, बाकीच्यांसाठी छोट्या कढईत कांदा-लसूण परतून वरून घालायचा. एक कढई जास्त घासावी लागते, पण घर शांत राहतं.

डाळींबद्दल फार घाबरवून ठेवलंय सगळ्यांना. तूर, हरभरा, राजमा, छोले यात जीओएस जास्त, बेसनही त्यातलंच. पण मुगाची डाळ दोन-तीन तास भिजवून, ते पाणी फेकून, नवीन पाण्यात शिजवून पाऊण वाटी पातळ वरण घेतलंत तर बहुतेकांना काही होत नाही कारण जीओएस पाण्यात उतरतं आणि बरंचसं फेकलेल्या पाण्याबरोबर जातं. मोड आलेले मूगही वाफवून थोडे चालतात. प्रोटीनसाठी हे आजच सुरू करा, याच्यासाठी कसलीही चाचणी नको.

आता तुम्ही लिहिलंय की मिसळ खाल्ल्यावर सगळ्यात वाईट झालं होतं, म्हणून तेव्हापासून मोड आलेलं काहीच नको. मिसळीची प्लेट जरा उलगडून बघू. खाली मटकी, तिच्यात जीओएस. कटात कांदा-लसूण, म्हणजे फ्रुक्टन, आणि तो पाण्यात उकळलेला. वर फरसाण, ते बेसनाचं. त्याच्यावर कच्चा कांदा मूठभर. सोबत दोन पाव, गहू. वर तर्रीचं तेल, तेलकट जेवणाने आतड्याची हालचाल जोरात होते, आणि लाल मिरची, तिच्यातल्या कॅप्सायसिनने त्याच जाग्या नसा आणखी चाळवतात. नंतर दुधाचा चहा किंवा ताक. एका प्लेटमधे पाचातले तीन गट आणि वर दोन वेगळे चिथावणारे. यात मटकीचा दोष किती होता हे कुणीच सांगू शकत नाही. आयबीएसमधे सगळं बेरजेवर चालतं, एकेक पदार्थ थोडा थोडा चालतो आणि एकत्र आले की मर्यादा ओलांडते. पुरणपोळीचंही तेच, कणीक-मैदा आणि चणाडाळ एकत्र, वर कटाची आमटी. त्यामानाने उकडीचे एक-दोन मोदक बहुतेकांना निभतात.

दुसरी गोष्ट वेळेची. फॉडमॅपचा त्रास लगेच होतोच असं नाही, बऱ्याचदा चार तासांपासून दुसऱ्या दिवसापर्यंत कधीही होतो. रात्री पावभाजी खाल्ली, सकाळी पपई खाल्ली, दहाला पोट बिघडलं, आणि पपई यादीतून बाद. असं करत करतच तुमची यादी चार पदार्थांवर आलीये. म्हणून वही घाला. मोबाइलमधे नको, साधी वही. काय खाल्लं, किती वाजता, पोटात दुखलं तर शून्य ते दहात किती, शौचाचं स्वरूप ब्रिस्टल चार्टच्या १ ते ७ आकड्यांत (१ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे पाण्यासारखं), झोप कशी झाली, ऑफिसात काही ताण होता का, आणि पाळीची तारीख. पाळीचं बायका लिहीतच नाहीत. पाळीच्या आधी एक-दोन दिवस आणि पहिल्या दोन दिवसांत पोट सैल होणं, जास्त दुखणं हे आयबीएस असलेल्या खूप जणींना होतं, त्या आठवड्यात कुठलाही नवा पदार्थ तपासायचा नाही, निकाल चुकीचाच येणार.

आता परत सुरू करायची पद्धत, हे नीट वाचा. बाकीचं जेवण आहे तसंच हलकं ठेवायचं, आणि एका वेळी एकाच गटातला एकच पदार्थ तीन दिवस वाढवत खायचा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमी खात होता तेवढा. मग दोन-तीन दिवस परत साधं जेवण, पोट शांत झालं की पुढचा पदार्थ. मधेच जास्त त्रास झाला तर तिथे थांबायचं, वहीत लिहायचं, पोट शांत होईपर्यंत वाट बघायची. पूर्ण यादी संपायला ६ ते ८ आठवडे लागतात.

तुमच्यासाठी मी दुधापासून सुरुवात करेन कारण कॅल्शियम पाहिजे आणि निकाल स्पष्ट मिळतो. पहिल्या दिवशी अर्धा कप दूध, दुसऱ्या दिवशी पाऊण, तिसऱ्या दिवशी एक कप. लॅक्टोज पचत नाही अशांनाही एका वेळी साधारण १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एका कपातलं, बऱ्याचदा चालतं. तुमच्या चहात ५० मिली दूध असेल तर ते अडीच ग्रॅम झालं, तेवढ्याने काही होत नाही, पण दिवसात सहा कप चहा झाला तर मग त्यातलं दूध, साखर आणि कॅफिन तिन्ही मोजावं लागतं. दूध नाही जमलं तरी घरचं नीट लागलेलं दही थोडं किंवा पातळ ताक बऱ्याच जणांना जमतं, आणि तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, भातावर तूप घ्या, वजन भरायला पाहिजे.

मग गहू. अर्धी पोळी, एक पोळी, दोन पोळ्या. इथे एक गैरसमज काढून टाका, पोळीने त्रास होतो म्हणजे ग्लुटेनचा त्रास असं नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ साली आणि नॉर्वेत २०१८ साली असे अभ्यास झालेत, ग्लुटेनची अॅलर्जी असल्यासारखं वाटणाऱ्या पण सिलिअॅक नसलेल्या लोकांवर, आणि त्यात बोट ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टनकडेच जास्त गेलं. याचा व्यवहारात अर्थ असा की सिलिअॅक नसेल तर एक पोळी चालते आणि चार चालत नाहीत असं होऊ शकतं, आणि ते पूर्ण ठीक आहे. महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं घेऊ नका, त्यात पुष्कळदा इन्युलिन घातलेलं असतं जे स्वतःच फ्रुक्टन आहे. जास्त फायबरवाली म्हणून विकतात त्या बिस्किटांचंही तसंच. मल्टिग्रेन आट्यात सोयाबीन, हरभरा मिसळलेला असतो, तपासणीसाठी साधा गव्हाचा आटा घ्या.

त्यानंतर तुरीचं वरण, दोन चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी. मग आंबा सीझनमधे असेल तर आंब्याच्या दोन फोडी, मग अर्धा, मग एक, नाहीतर मध एक चमचा, दोन चमचे. पॉलिओलसाठी मश्रूम बघा, खात नसाल तर सोडून द्या, जे तुमच्या ताटात कधी येतच नाही ते तपासून काय करायचं. शेवटी लसूण आणि कांदा, दोन्ही वेगवेगळे, दोघांत फ्रुक्टनच असलं तरी एक चालतो आणि दुसरा नाही असं बघायला मिळतं. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा शिजवलेला एक चमचा, दोन चमचे, पाव वाटी. कच्चा कांदा या फेरीत नकोच.

निकाल हो किंवा नाही असा नसतो, किती असा असतो. माझ्या पेशंटमधे बहुतेकांचं चित्र असं येतं की दोन गट त्रास देतात, त्यातही एका मर्यादेनंतरच, आणि बाकी सगळं परत ताटात येतं. जे नाही चाललं तेही तीन-चार महिन्यांनी परत थोडं बघायचं, आतड्याची सहनशक्ती बदलते.

लोकलचं तुम्ही फार मोकळेपणाने लिहिलंय आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. सव्वा-दीड तास, गर्दी, डब्यात सोय नाही, कल्याण सोडलं की पोटात गोळा यायला लागतो. यात आहाराचा भाग थोडाच आहे. सकाळी मोठ्या आतड्याची हालचाल मुळातच जोरात असते, त्यात रिकाम्या पोटी कडक चहा आणि वर उशीर होतोय ही धावपळ. पाऊण तास आधी उठा, आधी कोमट पाणी आणि थोडंसं खाणं, एक भाकरीचा तुकडा किंवा दोन घास पोहे, मग पंधरा-वीस मिनिटं शांत, शौचाला वेळ द्या आणि मग निघा. चहा ऑफिसात पोचल्यावर. डॉक्टरांना लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या गोळीबद्दल विचारा, प्रवासाआधी त्यांनी सांगितलेल्या डोसमधे घेणं हा जुलाबवाल्या आयबीएसमधे मान्य उपाय आहे, गोळी पर्समधे आहे या आधारानेच पुष्कळ जणींचं पोट शांत राहतं. ती भीती खोटी नाही, मेंदू आणि आतडं एकाच वायरवर आहेत, त्यासाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन), पोटासाठीची हिप्नोथेरपी हे अभ्यासलेले उपचार आहेत आणि कमी डोसमधे अमिट्रिप्टिलीन हे डिप्रेशनचं औषध डॉक्टर देतात तेव्हा तुम्हाला वेडी समजून देत नाहीत, आतड्याच्या नसा शांत करायला देतात.

फायबरसाठी इसबगोल, अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्यात, हळू वाढवत, ते विरघळणारं फायबर आहे आणि जुलाब-बद्धकोष्ठ दोन्हींत चालतं. गव्हाचा कोंडा मात्र नको, त्याने आयबीएसवाल्यांचं पोट जास्त फुगतं. आणि ती २०० पदार्थांची आयजीजी रक्ततपासणी जिची जाहिरात तुम्हाला आलीये, तिच्यावर एक रुपयाही घालवू नका, आयजीजी ही रक्तातली एक अँटिबॉडी, ती वाढलेली दिसणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच, अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही आयबीएससाठी अशा तपासण्या करू नका असंच आहे.

ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही आणि जे हे वाचून उद्यापासून सगळं बंद करणार आहेत त्यांनी थांबावं. स्वीडनमधे २०१५ साली ७५ पेशंटवर लो फॉडमॅप आणि साधे नेहमीचे सल्ले, म्हणजे वेळेवर आणि थोडं थोडं खा, सावकाश चावून खा, तेल-तिखट, चहा-कॉफी, सोडा कमी करा, यांची तुलना झाली, दोन्हीकडे साधारण निम्म्या लोकांना सारखाच फायदा झाला. म्हणून आधी महिनाभर ते करा. लहान मुलं, गरोदर बायका, आधीच वजन कमी असलेले आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीपासून बिघडलेलं आहे त्यांनी आहारतज्ज्ञाशिवाय हा प्रकार करूच नये.

ताई, तुमचा क्रम मग असा. या आठवड्यात रक्ततपासण्या आणि डॉक्टरांना वजनाचं सांगणं, आणि ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, तूप, भाज्या लगेच चालू. वजन उतरायचं थांबलं आणि पाळी होऊन गेली की दुधाची पहिली चाचणी शुक्रवारी रात्री सुरू करा म्हणजे पुढचे दोन दिवस लोकल नाही. गव्हाची वेळ सिलिअॅकच्या टेस्टप्रमाणे डॉक्टर सांगतील तशी पुढे-मागे करू. वही भरत राहा आणि दूध-गहू दोन्ही झाले की वहीतलं जसंच्या तसं इथे टाका, त्यावरून पुढचं बघू.